बोरेलिया बर्गडॉर्फेरी

बोरेलिया बर्गडॉर्फेरी हा मळसूत्राप्रमाणे वळसेदार आकाराचा जीवाणू असून तो लाइम रोगास कारणीभूत ठरतो. स्पायरोकीट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सर्पिल जीवाणूंच्या संघात त्याचा समावेश होतो. उपदंश आणि लेप्टोस्पायरोसिस या रोगांचे जीवाणूही याच संघातील आहेत. हा जीवाणू निसर्गात आयक्झोडीस या प्रजातीच्या गोचिडी आणि उंदरांसारखे लहान प्राणी यांच्यात आलटून पालटून राहतो. माणसाला त्याचा संसर्ग गोचिडीच्या दंशातून होतो. माणसाकडून माणसाकडे तो सहसा जात नाही. त्यामुळे जीवाणूच्या दृष्टीने मानवी शरीर ही पुढे वाट नसलेली जागा ठरते.

‘बोरेलिया’ हे प्रजातीचे नाव फ्रेंच जीवशास्त्रज्ञ आमेदे बोरेल यांच्या नावावरून, तर ‘बर्गडॉर्फेरी’ हे जातीचे नाव या जीवाणूचा शोध लावणारे विली बर्गडॉर्फर यांच्या नावावरून पडले आहे. हा जीवाणू ज्ञात विषद्रव्यांपैकी कोणतेही विष निर्माण करीत नाही. परिस्थितीनुसार आपले बाह्य आवरण बदलणे हेच त्याच्या टिकून राहण्याचे मुख्य साधन आहे. रोगाचे निदान अवघड का ठरते, त्यावर लस कशी तयार झाली आणि उपचारांनंतरही काही रुग्णांचा त्रास का उरतो, या तिन्ही प्रश्नांवरील संशोधन या गुणधर्माशी आणि जीवाणूच्या आवरणाच्या घडणीशी निगडित आहे.

शोधाचा इतिहास

रोगाच्या निरनिराळ्या लक्षणांची नोंद युरोपात फार आधी झाली होती. आल्फ्रेड बुखवाल्ड यांनी १८८३ मध्ये ब्रेस्लाउ (सध्याचे पोलंडमधील व्रोत्सवाफ) येथे त्वचा पातळ होत जाणाऱ्या एका दीर्घकालीन विकाराचे वर्णन केले. स्वीडनचे त्वचारोगतज्ज्ञ आर्विड अफ्झेलियस यांनी १९०९ मध्ये गोचिडीच्या दंशानंतर वर्तुळाकार पसरत जाणाऱ्या लाल चट्ट्याची माहिती दिली. १९२२ मध्ये गारँ आणि ब्युजादू या फ्रेंच वैद्यांनी अशा दंशानंतर मज्जासंस्थेला होणाऱ्या बाधेची नोंद केली. १९५० च्या सुमारास स्वीडनमध्ये या चट्ट्यावर पेनिसिलिनचा गुण येतो असेही दिसून आले होते. मात्र ही सर्व लक्षणे एकाच रोगाची आहेत, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

अमेरिकेतील संशोधनाला चालना मिळाली ती कनेटिकट राज्यातील लाइम या गावामुळे. १९७५ मध्ये तेथील पॉली मरे आणि ज्युडिथ मेन्श या दोन मातांनी, आपल्या परिसरातील अनेक मुलांचे सांधे सुजत असल्याचे आरोग्य अधिकारी आणि येल विद्यापीठातील डॉक्टरांच्या निदर्शनास आणले. मुलांमधील संधिवात हा विरळा विकार असल्यामुळे एकाच भागात इतके रुग्ण आढळणे हा योगायोग असू शकत नव्हता. येल येथील ॲलन स्टीअर व त्यांच्या सहकाऱ्यांनी लाइम, ओल्ड लाइम आणि ईस्ट हॅडम या तीन लगतच्या गावांत पाहणी करून १९७७ मध्ये ५१ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांत ३९ मुले व १२ प्रौढ होते. बहुतेकांचा आजार उन्हाळ्यात किंवा शरदाच्या आरंभी सुरू झाला होता आणि रुग्ण दाट झाडीच्या भागात राहणारे होते. १३ रुग्णांना सांधे सुजण्यापूर्वी अंगावर पसरत जाणारा लाल चट्टा उठल्याचे आठवत होते. ऋतू, वस्ती आणि चट्टा या तीन दुव्यांवरून हा रोग एखाद्या कीटकसदृश वाहकामार्फत पसरत असावा, असा निष्कर्ष निघाला. पुढे काळ्या पायांच्या गोचिडीकडे (आयक्झोडीस स्कॅप्युलॅरिस) संशय वळला. परंतु रोगजंतू सापडत नव्हता.

तो सापडला १९८१ मध्ये, आणि तोही दुसऱ्याच रोगाचा शोध चालू असताना. विली बर्गडॉर्फर (१९२५–२०१४) हे मूळचे स्वित्झर्लंडमधील बासेलचे. गोचिडीतून पसरणाऱ्या पुनरावर्ती ज्वराच्या जीवाणूंवर त्यांनी विद्यार्थिदशेतच काम केले होते. माँटाना राज्यातील हॅमिल्टन येथील रॉकी माउंटन प्रयोगशाळेत ते रिकेट्सिया गटातील जंतूंचा अभ्यास करीत असताना न्यू यॉर्क राज्यातील शेल्टर आयलंड या बेटावरील गोचिडी त्यांच्याकडे आल्या. त्यांच्या मध्यांत्राच्या नमुन्यात रिकेट्सियांऐवजी वळसेदार जीवाणू दिसले. पूर्वीच्या अभ्यासामुळे बर्गडॉर्फर यांनी त्यांचे महत्त्व तत्काळ ओळखले. ॲलन बार्बर यांनी हे जीवाणू कृत्रिम पोषकमाध्यमात वाढविले. लाइम रोगाच्या रुग्णांच्या रक्तद्रवातील प्रतिपिंडे या जीवाणूंना चिकटतात, असेही दिसून आले. हे निष्कर्ष १९८२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. १९८३ मध्ये हाच जीवाणू रुग्णांच्या शरीरातून वेगळा करण्यात आला व १९८४ मध्ये त्याचे शास्त्रीय नामकरण झाले.

वर्गीकरण

आरंभी लाइम रोगाचे सर्व जीवाणू एकाच जातीचे मानले जात. १९९२ पासून जनुकीय फरकांच्या आधारे त्यांची विभागणी होऊ लागली. उत्तर अमेरिकेतील बहुसंख्य रुग्णांमध्ये बोरेलिया बर्गडॉर्फेरी ही जाती आढळते. युरोप व आशियात बोरेलिया अफ्झेली आणि बोरेलिया गॅरिनी या जाती अधिक महत्त्वाच्या आहेत. जातीनुसार लक्षणांतही भेद दिसतो: बर्गडॉर्फेरीमुळे सांध्यांचा, गॅरिनीमुळे मज्जासंस्थेचा, तर अफ्झेलीमुळे त्वचेचा विकार होण्याचे प्रमाण अधिक असते. २०१६ मध्ये अमेरिकेच्या उत्तर मध्य भागातून बोरेलिया मेयोनी या आणखी एका रोगकारक जातीचे वर्णन करण्यात आले. २०१४ मध्ये या गटासाठी ‘बोरेलिएला’ अशी स्वतंत्र प्रजाती सुचविण्यात आली. तथापि हा बदल सर्व संशोधकांना मान्य नाही आणि वैद्यकीय लेखनात जुनेच नाव रूढ आहे.

रचना आणि हालचाल

या जीवाणूची लांबी साधारणतः १० ते ३० मायक्रोमीटर आणि जाडी ०.२ ते ०.५ मायक्रोमीटर असते. इतर अनेक जीवाणूंच्या कशाभिका पेशीच्या बाहेर असतात. याच्या कशाभिका मात्र आतील पटल व बाह्य पटल यांच्यामधील पोकळीत असतात. पेशीच्या प्रत्येक टोकाशी अशा ७ ते ११ कशाभिका रोवलेल्या असून त्या मध्यभागाकडे गेलेल्या असतात. त्या फिरू लागल्या की संपूर्ण पेशीच लाटेप्रमाणे हलते. कशाभिकांचे मुख्य प्रथिन तयार न करणारे उत्परिवर्तित जीवाणू सरळ काडीसारखे होतात व त्यांची हालचाल थांबते. यावरून जीवाणूची गती आणि त्याचा आकार ही दोन्ही कशाभिकांचीच देणगी असल्याचे सिद्ध झाले. त्वचेसारख्या घट्ट, चिकट ऊतींमधून पुढे सरकण्यासाठी ही रचना अतिशय उपयुक्त आहे.

बाह्य पटलात मेदप्रथिनांची रेलचेल असते. अनेक रोगकारक जीवाणूंच्या पृष्ठभागावर असणारे लिपोपॉलिसॅकराइड हे द्रव्य येथे नसते. रुग्णाला होणारा त्रास बहुतांशी जीवाणूंच्या घटकांविरुद्ध शरीराने दिलेल्या दाहक प्रतिसादामुळे होतो.

जनुकसंच

बी-३१ या वाणाचा संपूर्ण जनुकसंच १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. स्पायरोकीट गटातील उलगडलेला हा पहिलाच जनुकसंच होय. बहुतेक जीवाणूंचे गुणसूत्र वर्तुळाकार असते. याचे गुणसूत्र रेषीय असून त्यात ९,१०,७२५ आधारक-जोड्या आहेत. त्याशिवाय या वाणात रेषीय व वर्तुळाकार मिळून २० हून अधिक प्लाझ्मिडे आहेत. इतकी प्लाझ्मिडे बाळगणारा जीवाणू विरळाच. प्रयोगशाळेत दीर्घकाळ वाढविल्यास यांपैकी काही प्लाझ्मिडे नाहीशी होतात आणि त्यांबरोबर जीवाणूची संसर्गक्षमताही जाते. यामुळे संसर्गासाठी कोणती जनुके आवश्यक आहेत याचा माग काढणे शक्य झाले.

जनुकसंचावरून जीवाणूचे परावलंबित्वही उघड झाले. अमिनो आम्ले, मेदाम्ले आणि न्यूक्लिओटाइडे स्वतः बनविण्याची यंत्रणा त्याच्यापाशी नाही; ही द्रव्ये तो आश्रयदात्याकडून घेतो. २००० मध्ये आणखी एक वैशिष्ट्य समोर आले. जवळजवळ सर्व सजीवांना लागणाऱ्या लोहाची या जीवाणूला गरज भासत नाही. त्याऐवजी तो मँगनीज वापरतो. संसर्ग झाल्यावर शरीर रक्तातील लोह दडवून जंतूंची उपासमार करू पाहते. या जीवाणूपुढे संरक्षणाचा तो मार्ग निष्प्रभ ठरतो.

जीवनचक्र

काळ्या पायांच्या गोचिडीचे आयुष्य सुमारे दोन वर्षांचे असून त्यात डिंभ, निम्फ व प्रौढ अशा तीन अवस्था असतात. प्रत्येक अवस्थेत ती साधारणतः एकदाच रक्त पिते. अंड्यातून बाहेर पडणाऱ्या सहापायी डिंभात हा जीवाणू नसतो. संसर्ग झालेल्या प्राण्याचे, विशेषतः पांढऱ्या पायांच्या उंदराचे, रक्त पिताना तो डिंभात शिरतो. पुढील वर्षी निम्फ अवस्थेतील गोचीड दुसऱ्या उंदराला चावते व जीवाणूचे चक्र पूर्ण होते. माणसाला होणारा संसर्ग बहुधा निम्फमुळे होतो, कारण ती खसखशीच्या दाण्याएवढी असल्याने सहज नजरेस पडत नाही.

हरणांवर प्रौढ गोचिडी पोसल्या जातात, त्यामुळे हरणांची संख्या वाढली की गोचिडी वाढतात. मात्र हरणाच्या शरीरात हा जीवाणू तग धरीत नाही. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील कुंपणसरड्याच्या रक्तातील काही प्रथिने तर जीवाणूंचा नाशच करतात. एखाद्या प्रदेशात कोणते प्राणी राहतात यावर तेथील माणसांना असणारा धोका किती अवलंबून असतो, हे यावरून लक्षात येते.

आवरणबदल

भुकेल्या गोचिडीच्या आतड्यात असताना जीवाणूच्या पृष्ठभागावर ‘बाह्य पृष्ठप्रथिन ए’ (संक्षेपाने ऑस्प-ए) विपुल असते. २००४ मध्ये आतड्याच्या अस्तरावरील, या प्रथिनास धरून ठेवणाऱ्या ग्राहीचा शोध लागला. गोचीड रक्त पिऊ लागताच तापमान वाढते आणि भोवतालची रासायनिक स्थिती पालटते. त्यासरशी जीवाणू ऑस्प-ए चे उत्पादन कमी करून ‘ऑस्प-सी’ हे दुसरे प्रथिन निर्माण करू लागतो. १९९५ मध्ये स्पष्ट झालेला हा बदल मूलभूत महत्त्वाचा ठरला. ऑस्प-सी नसलेला जीवाणू सस्तन प्राण्यात संसर्ग प्रस्थापित करू शकत नाही. गोचिडीच्या लाळेतील एक प्रथिन ऑस्प-सी ला चिकटून जीवाणूला प्रतिपिंडांपासून आडोसा देते, असेही पुढे दिसून आले.

आतड्यातून लालाग्रंथीपर्यंतचा हा प्रवास पूर्ण व्हायला वेळ लागतो. म्हणूनच बहुतेक प्रसंगी गोचीड २४ तासांहून अधिक काळ चिकटून राहिली, तरच संसर्ग होतो. जंगलातून परतल्यावर अंग तपासून गोचीड लवकर काढावी, या सल्ल्यामागचे कारण हेच आहे.

शरीरात शिरल्यानंतर काही आठवड्यांत ऑस्प-सी विरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. तोवर जीवाणू तेही आवरण टाकून देतो. यापुढे ‘व्हीएलएस-ई’ या प्रथिनाची भूमिका सुरू होते. १९९७ मध्ये उलगडलेल्या या यंत्रणेत एक कार्यरत जनुक आणि त्याच्याजवळ १५ मूक जनुकखंड असतात. मूक खंडांतील तुकडे कार्यरत जनुकात वारंवार उतरविले जातात व प्रथिनाचे रूप सतत पालटत राहते. शरीर एका रूपाविरुद्ध प्रतिपिंडे घडवीपर्यंत जीवाणूने दुसरे रूप धारण केलेले असते. हा पालट सस्तन प्राण्याच्या शरीरातच घडतो. गोचिडीत अथवा काचनलिकेत तो आढळत नाही.

निदानाचा प्रश्न

संसर्गाच्या आरंभी दिसणारा, पसरत जाणारा लाल चट्टा हे रोगाचे सर्वांत विश्वसनीय चिन्ह होय. तो प्रत्येक रुग्णात उठत नाही आणि उठला तरी नेहमी ध्यानात येत नाही. रक्तात जीवाणूंची संख्या अत्यल्प असल्यामुळे तो थेट शोधणे कठीण जाते. जीवाणूची वाढही मंद असते. त्यामुळे निदानाची भिस्त प्रतिपिंडांच्या चाचणीवर आहे.

१९९४ मध्ये मिशिगन राज्यातील डिअरबॉर्न येथे झालेल्या परिषदेत द्विस्तरीय चाचणीची पद्धत ठरविण्यात आली. पहिल्या टप्प्यात एलायझासारखी संवेदनशील चाचणी आणि ती होकारार्थी अथवा संदिग्ध आल्यास वेस्टर्न ब्लॉट, असा तिचा क्रम आहे. दुसऱ्या टप्प्यात आयजी-जी प्रकारच्या प्रतिपिंडांसाठी ठरावीक १० पट्ट्यांपैकी किमान ५ दिसणे आवश्यक मानले जाते. पृष्ठप्रथिनाचा मोठा भाग बदलत असला, तरी व्हीएलएस-ई मधील एक लहान तुकडा फारसा बदलत नाही. या ‘सी-६’ तुकड्यावर आधारित चाचण्या अधिक उपयुक्त ठरल्या. २०१९ मध्ये अमेरिकेत वेस्टर्न ब्लॉटऐवजी दुसरी एलायझा चाचणी वापरणाऱ्या सुधारित पद्धतीस मान्यता मिळाली.

या चाचण्यांना दोन मर्यादा आहेत. प्रतिपिंडे तयार होण्यास काही आठवडे लागतात, त्यामुळे चट्टा उठलेला असतानाही चाचणी नकारार्थी येऊ शकते. तसेच प्रतिपिंडे रोग बरा झाल्यावरही वर्षानुवर्षे टिकतात, त्यामुळे होकारार्थी चाचणीवरून संसर्ग सध्याचा आहे की जुना, हे सांगता येत नाही.

अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राच्या अंदाजानुसार २०१० ते २०१८ या काळात त्या देशात दरवर्षी सुमारे ४,७६,००० लोकांचे लाइम रोगाचे निदान व त्यावर उपचार झाले. या अंदाजात, रोग नसताना केवळ संशयावरून उपचार झालेल्यांचाही समावेश असू शकतो.

लस

ऑस्प-ए वर आधारित ‘लाइमरिक्स’ या लशीस डिसेंबर १९९८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. तिची कार्यपद्धती अपूर्व होती. माणसाच्या शरीरात शिरलेल्या जीवाणूवर ऑस्प-ए फारसे नसल्याने तेथे या लशीतून तयार झालेली प्रतिपिंडे निरुपयोगी ठरतात. परंतु लस घेतलेल्या माणसाचे रक्त पिताना ती प्रतिपिंडे गोचिडीच्या आतड्यात पोहोचतात आणि जीवाणूने आवरण बदलण्यापूर्वीच त्याचा नाश करतात. सुमारे ११,००० व्यक्तींवरील चाचणीत तीन मात्रांनंतर लशीची परिणामकारकता ७६ टक्के आढळली.

ऑस्प-ए चा एक भाग मानवी प्रथिनाशी मिळताजुळता असल्याने लशीमुळे संधिवात होऊ शकेल, अशी शंका त्याच सुमारास व्यक्त झाली. लस घेतलेल्यांमध्ये संधिवाताचे प्रमाण वाढल्याचा पुरावा औषध नियामकांना मिळाला नाही. तरीही लोकांतील भीती, न्यायालयीन दावे व घटलेली मागणी यांमुळे उत्पादकांनी फेब्रुवारी २००२ मध्ये लस बाजारातून काढून घेतली. कुत्र्यांसाठीच्या लशी मात्र उपलब्ध राहिल्या. युरोप व अमेरिकेतील ऑस्प-ए च्या सहा प्रकारांवर आधारित नव्या मानवी लशीची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी २०२२ मध्ये सुरू झाली. उंदरांनाच लस देऊन निसर्गातील साखळी तोडण्याचे प्रयोगही झाले आहेत.

उपचार आणि उरलेला त्रास

डॉक्सिसायक्लिन, अमॉक्सिसिलिन आणि सेफुरॉक्झिम या प्रतिजैविकांनी बहुसंख्य रुग्ण बरे होतात. मज्जासंस्थेच्या अथवा हृदयाच्या गंभीर बाधेत शिरेतून सेफ्ट्रिॲक्सोन देतात. मात्र सुमारे ५ ते १० टक्के रुग्णांना उपचारांनंतरही थकवा, अंगदुखी व विचारांत मंदपणा असा त्रास सहा महिन्यांहून अधिक काळ जाणवतो. २००१ मध्ये अमेरिकेत व २०१६ मध्ये नेदरलँड्समध्ये प्रसिद्ध झालेल्या नियंत्रित चाचण्यांत, प्रतिजैविके दीर्घकाळ दिल्याने अशा रुग्णांना औषधविरहित गोळ्यांपेक्षा अधिक लाभ झाला नाही. याचा अर्थ रुग्णांचा त्रास काल्पनिक आहे असा होत नाही; त्याचे कारण अन्यत्र शोधावे लागते, एवढाच त्याचा अर्थ आहे.

त्या दिशेने एक महत्त्वाचा दुवा २०१९ मध्ये मिळाला. वाढत असताना हा जीवाणू आपल्या पेशीभित्तिकेतील पेप्टिडोग्लायकॅनचे तुकडे भोवती टाकत राहतो. प्रतिजैविकांनंतरही सांध्यांची सूज न ओसरलेल्या रुग्णांच्या सांध्यातील द्रवात हे तुकडे आढळले. जीवाणू नष्ट झाल्यावरही त्याचे अवशेष दाह चालू ठेवू शकतात, असे यावरून सूचित होते. २०२१ मध्ये बोस्टन येथील नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी हायग्रोमायसिन-ए हे जुने, मागे पडलेले प्रतिजैविक स्पायरोकीटांवर निवडकपणे परिणाम करते व आतड्यातील उपयुक्त जीवाणूंना फारसा धक्का लावत नाही, असे उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले.

उगमाविषयीचा गैरसमज

हा जीवाणू लाँग आयलंडजवळील प्लम आयलंड येथील सरकारी प्रयोगशाळेत तयार झाला, असा समज अमेरिकेत पसरला होता. ती प्रयोगशाळा १९५४ मध्ये सुरू झाली. मॅसॅच्युसेट्समध्ये १८९४ साली पकडलेल्या व संग्रहालयात जतन केलेल्या उंदरांच्या नमुन्यांतही या जीवाणूचा डीएनए सापडला आहे. १४६ जनुकसंचांच्या तुलनेवर आधारित २०१७ मधील अभ्यासानुसार हा जीवाणू उत्तर अमेरिकेत किमान ६०,००० वर्षांपासून आहे. विसाव्या शतकातील रोगप्रसाराचे कारण जीवाणूतील बदलापेक्षा पुन्हा वाढलेली वने, हरणांची वाढती संख्या आणि वनालगत झालेली मानवी वस्ती यांत आढळते.

भारतातील संदर्भ

सिंधुदुर्ग जिल्हा व गोव्यात आढळणारा माकडताप (क्यासनूर वनरोग) हाही गोचिडींमुळे पसरतो. मात्र तो विषाणुजन्य असून त्याचा प्रसार मुख्यतः हिमाफायसॅलिस प्रजातीच्या गोचिडी करतात. जीवाणूंवरील प्रतिजैविकांचा त्या विषाणूवर परिणाम होत नाही. त्यामुळे दोन्ही रोगांत दंशापासून बचाव हे सूत्र समान असले, तरी त्यांचे निदान व उपचार सर्वस्वी भिन्न आहेत.